सिकलसेलच्या लेकरांच्या मेंदूत डोकावणार कोण?

"पोरीच्या अंगावरून वारं गेलं जी."

एवढेच बोलून एक बाप सकाळी सकाळी दारात उभा राहिला. उत्तर नागपुरातली वस्ती. बाप सेंट्रिंगच्या कामावर जाणारा, माय चार घरची धुणीभांडी करणारी. पोरगी नऊ वर्षांची, चौथीत. शाळेत जायला वेणी घालत होती. हातातला कंगवा पडला. तो उचलायला गेली तर उजवा हात उठेना. तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. शेजारच्यांनी तेल चोळले. एक म्हातारी म्हणाली, कबुतराचे रक्त लावा. दुसऱ्याने लकवा उतरवणाऱ्या एका बाबाचा पत्ता दिला. बापाने तो पत्ता खिशात घातला, पण पोरगी खांद्यावर टाकून तो आधी माझ्याकडे आला, आणि आम्ही ऑटो करून रुग्णालय गाठले. तो सरळ बाबाकडे गेला असता तर आज मी हा लेख लिहीत नसतो, मयतीला गेलो असतो.

रुग्णालयात त्याच दिवशी डोक्याचे सीटी स्कॅन झाले. तिचे रक्त काढून दुसरे रक्त देण्यात आले. दोन दिवसांनी एमआर अँजिओग्राफी झाली. एका तरुण डॉक्टरने फिल्म उजेडावर धरून आम्हाला दाखवली. काळ्या फिल्मवर पांढरे झाड. मानेतून वर चढणारे दोन बुंधे, त्यांना फुटलेल्या फांद्या, फांद्यांना डहाळ्या. डावीकडची मोठी फांदी मात्र मुळाशीच सुतासारखी बारीक झालेली. उजवीकडची फांदीही अरुंद होऊ लागलेली. डॉक्टर म्हणाला, "ही शीर काल सकाळी बारीक झालेली नाही. कित्येक महिने, कदाचित काही वर्षे हे चालू असेल. आधी कळू शकले असते. कानशिलावर यंत्र ठेवून बघता येते. सुई नाही, दुखणे नाही, अर्धा तास."

बाप म्हणाला, "मंग हे आमाले आधी काऊन नाही सांगतलं?"

बापाच्या खिशात पोरीचे सिकलसेलचे कार्ड होते. पाच वर्षांपासूनचे. तिला 'एसएस' आजार आहे हे सरकारला पाच वर्षांपासून माहीत होते, शाळेला माहीत होते, औषध देणाऱ्या खिडकीला माहीत होते. तिच्या मेंदूत काय चालले आहे हे मात्र पाच वर्षांत कुणी पाहिले नाही. डॉक्टरकडे बापाच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्याचा दोषही नव्हता. तो प्रश्न मी इथे छापायला आणला आहे.

आधी हे 'वारं' काय ते बघू. आपल्या भाषेत पक्षाघाताला 'अंगावरून वारं जाणे' म्हणतात. जुन्या वैद्यकात तो वातविकार. वात म्हणजे वारा. शब्द राहिला आणि त्याच्याबरोबर समजूतही राहिली. वारा बाहेरून येतो, म्हणजे त्यात कुणाची तरी करणी असणार, बाधा असणार, आणि मग उतारा आला, अंगारा आला, बाबा आला. अंगावरून कुठलेही वारे जात नाही. मेंदूला रक्त नेणारी वाहिनी बंद पडते किंवा फुटते. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के एकटा मेंदू वापरतो. साठवण काहीच नाही. रक्त थांबले की काही मिनिटांत पेशी मरू लागतात. बाबाच्या दारात रांग लावून बसलेल्या माणसाचा मेंदू रांगेतच मरत असतो.

आता सिकलसेल. तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात, बारीक नळीतून वाकून निघून जातात. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी झाला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. त्या बारीक वाहिन्यांत अडकतात, म्हणून हातपाय ठणकतात, पोट दुखते, प्लीहा वाढते. एवढे आपल्या वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. पण या वाकड्या पेशी मोठ्या वाहिन्यांचेही अस्तर खरवडतात हे फार थोड्यांना माहीत आहे. मानेतून डोक्यात शिरणारी मुख्य वाहिनी जिथे दुभागते नेमक्या त्या जागी अस्तर जाड होत जाते, वाट अरुंद होत जाते. मूल खेळत असते, शाळेत जात असते, हातपाय दुखले तर दुखतात, बाकी काही कळत नाही. काही मुलांत वाट इतकी बंद होते की आजूबाजूला केसासारख्या नव्या वाहिन्यांचे जाळे फुटते. अँजिओग्राफीच्या फिल्मवर हे जाळे धुराच्या लोटासारखे दिसते. जपानी डॉक्टरांनी १९६९ साली त्याला त्यांच्या भाषेतला धुरासाठीचा शब्द दिला, 'मोयामोया'. चूल विझत आली की जसा धूर दाटतो तसे ते चित्र.

जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे चित्र काढता येईल हे शंभर वर्षांपूर्वी कुणाला खरे वाटले नसते. त्या वाहिन्यांचे कडे थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६६४ साली पुस्तकात छापले होते, पण ते प्रेत फाडून. जिवंत मेंदूतल्या वाहिन्या पहिल्यांदा दिसल्या त्या लिस्बनमध्ये, २८ जून १९२७ रोजी. एगास मोनिझ या पोर्तुगीज डॉक्टरने रुग्णाच्या मानेतल्या धमनीत आयोडीनचा क्षार सोडून क्ष-किरणाचे चित्र घेतले. मोनिझचे स्वतःचे हात संधिवाताने वाकडे झालेले, म्हणून सुई टोचायचे काम त्याचा सहकारी अल्मेदा लिमा करी.

१९२७! हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. लिस्बनमध्ये माणसाच्या डोक्यात रक्त कुठून कुठे वाहते ते शोधले जात होते. आपल्या देशात माणसाच्या स्पर्शाने तळे बाटते म्हणून ते शेणागोमुत्राने शुद्ध केले जात होते. ज्या मनुस्मृतीला बाबासाहेबांनी आग लावली त्या मनुस्मृतीने वैद्याचे अन्नसुद्धा अपवित्र ठरवले आहे. रोग्याच्या रक्ताला, पुवाला, प्रेताला हात लावणारा तो! सुश्रुताच्या काळी प्रेत पाण्यात कुजवून आतले अवयव बघण्याची रीत लिहिलेली सापडते. पुढे पवित्र-अपवित्राच्या कल्पनेने हात आणि बुद्धी यांची फारकत केली. प्रफुल्लचंद्र रॉय यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे स्पष्ट लिहून ठेवले. ज्याला पोथी वाचायचा अधिकार, तो प्रेताला शिवणार नाही. ज्याच्या गळ्यात प्रेत बांधले, त्याने अक्षर शिकायचे नाही. आजही कुठल्याही शवविच्छेदनगृहात जाऊन बघा. कवटी फोडायला छिन्नी-हातोडा कुणाच्या हातात असतो आणि अहवालावर सही कुणाची असते ते बघा. मेंदूतल्या रक्तवाहिन्या रोज उघड्या डोळ्यांनी बघणारी माणसे आपली आहेत. पगार सफाई कामगाराचा.

मोनिझला मी देव करत नाही. त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत एक रुग्ण दगावला. पुढे त्याने आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून थोरोट्रास्ट नावाचे किरणोत्सारी द्रव्य वापरले, आणि अनेक रुग्णांना कित्येक वर्षांनी यकृताचा कर्करोग झाला. त्याला १९४९ चे नोबेल मिळाले तेही अँजिओग्राफीसाठी नाही, मनोरुग्णांच्या मेंदूचे धागे कापणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी, जिची आज वैद्यकाला लाज वाटते. पण विज्ञानाची एक गोष्ट पोथीत नाही. विज्ञान आपली चूक कबूल करून ती पद्धत टाकून देते. मानेत सुई खुपसणे मागे पडले, १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगरने मांडीतून नळी सरकवण्याची सोपी रीत काढली. १९७१ साली लंडनला पहिले सीटी स्कॅन झाले. मग एमआरआय आले. आज हाताच्या शिरेत आयोडीनचे औषध देऊन काही मिनिटांत मानेपासून टाळूपर्यंतच्या सगळ्या वाहिन्या सीटीवर दिसतात. एमआर अँजिओग्राफीला तर इंजेक्शनही लागत नाही. वाहत्या रक्ताचेच चित्र उमटते. फक्त यंत्राच्या बोगद्यात न हलता पडून राहावे लागते, आणि लहान मुलांना कधी कधी गुंगीचे औषध द्यावे लागते.

पण यंत्र जितके मोठे तितके गरिबापासून लांब. म्हणून मला त्या कानशिलावरच्या छोट्या यंत्राबद्दल जास्त बोलायचे आहे.

१९८२ साली रुने आस्लिड या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की कानशिलावरचे हाड पातळ असते, तिथून ध्वनिलहरी आत पाठवता येतात आणि परत येणाऱ्या लहरींवरून रक्ताचा वेग मोजता येतो. बाळंतपणाच्या सोनोग्राफीचे जे तत्त्व तेच. याला ट्रान्सक्रेनियल डॉप्लर म्हणतात. आपण साधे 'कानशिलाची डॉप्लर' म्हणू. तत्त्व आपल्या मायबहिणींना शाळेशिवाय कळते. वस्तीतल्या सार्वजनिक नळाचे तोंड अंगठ्याने अर्धे दाबले की पाण्याची चिळकांडी जोरात उडते. वाट अरुंद झाली की वेग वाढतो. मेंदूतल्या वाहिनीचेही तसेच. सिकलसेलच्या मुलात रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त भरला की धोक्याची घंटा. १७० च्या आत असेल तर बहुधा वर्षभराने पुन्हा बघायचे. मधल्या मुलांना लवकर परत बोलवायचे. कानशिलाला जेल लावायचे, मूल आईच्या शेजारी जागे पडून राहते, यंत्रातून सुस्स सुस्स असा रक्ताचा आवाज येतो. एवढीच चाचणी.

घंटा वाजली तर करायचे काय, याचेही उत्तर १९९८ साली मिळाले. अमेरिकेत १३० सिकलसेल मुले घेतली, सगळ्यांचा वेग जास्त होता. ६३ मुलांना नियमित रक्त देत राहिले, ६७ मुलांना नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटात ११ मुलांना पक्षाघात झाला. रक्त दिलेल्या गटात एका मुलाला! फरक इतका उघड होता की अभ्यास मध्येच थांबवून सगळ्यांना रक्त देऊ करावे लागले. रक्त देणे मध्येच बंद केले तर धोका परत येतो हेही २००५ साली कळले. २०१६ साली आणखी एक अभ्यास आला. वर्षभर रक्त घेतलेल्या आणि वाहिन्या फार खराब न झालेल्या मुलांना रक्ताऐवजी हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांवर सांभाळता येते, असे त्यात दिसले.

यात फसवाफसवी नको म्हणून दुसरी बाजूही सांगतो. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घेणे सोपे नाही. अंगात लोह साचते, ते काढायला पुन्हा औषध लागते. रोजमजुरी बुडते. पण हे सगळे झालेल्या लकव्यापेक्षा सोपे आहे, हे त्या पोरीच्या आईला विचारा.

"हे अमेरिकेचे. आपल्याला परवडत नाही." हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. मग नायजेरियाकडे बघा. आपल्यापेक्षा गरीब देश. सिकलसेलच्या मुलांची संख्या प्रचंड, रक्त मिळत नाही. तिथे कानो आणि कडुना या शहरांतल्या रुग्णालयांत मुलांची कानशिलाची डॉप्लर करून, ज्यांचा वेग जास्त त्यांना हायड्रॉक्सियुरिया सुरू करून पक्षाघात रोखण्याचे काम झाले. त्याचे निष्कर्ष २०२२ साली जगापुढे आले. औषध तेच जे आपल्याकडे गोळ्यांच्या पाकिटात मिळते. कानोला जमले ते कामठीला का जमू नये?

दुसरा युक्तिवाद जास्त चलाख आहे. भारतातला सिकलसेल 'सौम्य' असतो, इथल्या रुग्णांत गर्भातले हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते, म्हणून आफ्रिकी वंशाच्या मुलांपेक्षा पक्षाघात कमी होतो, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. विदर्भात तीव्र आजाराची मुले आहेत हे इथल्या डॉक्टरांनीच नोंदवले आहे. आणि ज्याची मोजणीच होत नाही ते कमीच दिसणार. खेड्यातले पोर एका बाजूने लुळे पडले, बाबाकडे नेले, महिनाभराने वारले. त्याची नोंद कोणत्या वहीत होते? आपल्या दुःखाला 'सौम्य' म्हणण्याची या देशाला जुनी सवय आहे.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. त्या पोरीचा हात पडला म्हणून आम्हाला कळले. पण सिकलसेलमध्ये असेही पक्षाघात होतात ज्यांत हात पडत नाही, तोंड वाकडे होत नाही, काहीच दिसत नाही. मेंदूच्या आतल्या भागात रक्त कमी पडून छोटे छोटे ठिपके मरतात. डॉक्टर त्याला मूक पक्षाघात म्हणतात. अमेरिकेतल्या अभ्यासांत सिकलसेलच्या सुमारे एकतृतीयांश मुलांच्या मेंदूत हे ठिपके सापडले आहेत. डॉप्लरला ते दिसत नाहीत, त्याला एमआरआयच लागतो. आणि त्यांचा परिणाम कशावर होतो? लक्ष लागण्यावर, पाठांतरावर, गणितावर, परीक्षेवर!

त्या पोरीच्या चौथीच्या वहीत बाईंनी लाल शाईने लिहिले होते, 'लक्ष देत नाही, घरी अभ्यास घ्या'. तिसरीपर्यंत ती पाढे घडाघडा म्हणत होती असे तिची माय सांगते. चौथीत ती मागच्या बाकावर गेली. या पोरीच्या बाबतीत ते ठिपक्यांमुळे झाले की अंग ठणकून शाळा बुडाल्यामुळे, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण अशी किती लेकरे आपल्या वस्त्यांतल्या शाळांत मागच्या बाकावर बसली असतील? त्यांना मास्तर मठ्ठ म्हणत असतील, बाप मारत असेल, आणि पुढे गुणवत्तेचे ठेकेदार सांगत असतील की यांच्यात मुळात डोकेच नाही, आरक्षणावर आलेत. बाबासाहेबांनी आपल्याला पहिला शब्द दिला तो 'शिका'. ज्या मुलाच्या मेंदूला रक्तच पोचत नाही ते शिकणार कसे? सवलती नकोत, गुणवत्ता बघा म्हणणाऱ्यांनी एकदा या मुलांचे एमआरआय काढावेत आणि मग गुणवत्तेवर व्याख्यान द्यावे.

हा आजार आपल्याच वस्त्यांत इतका का, हेही विचारले पाहिजे. धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी, १९५८ साली, शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तेव्हापासून हे शास्त्राला माहीत आहे. पूर्वाश्रमीच्या महारांत, गोंड-माडिया-भिल्ल-कोरकूंत, काही ओबीसी जातींतही हा आजार आहे. मूळ कारण मलेरिया. सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या वाहकाला मलेरिया सहज मारत नाही, म्हणून मलेरियाच्या पट्ट्यात तो जनुक टिकला. यात कुणाची जात हलकी किंवा भारी नाही. पण टिकलेला जनुक एकाच कुंपणात पिढ्यानपिढ्या फिरत राहिला तो कशामुळे? बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे हे त्यांनी त्यात सिद्ध केले. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. कुंपण जितके लहान, त्यातही मामाची पोरगी करायची रीत, तितके दोन वाहक एकमेकांना भेटण्याची शक्यता जास्त. जात रक्तात नसते. पण जातीच्या कुंपणाने रक्तात आजार कोंडून ठेवला. आंतरजातीय लग्न केले म्हणजे तपासणी नको असेही नाही, कारण दुसऱ्या जातीतही वाहक आहेत. पत्रिकेऐवजी सिकलसेलचे कार्ड जुळवा, एवढे साधे आहे हे.

अँजिओग्राफीच्या फिल्मवर कुणाची जात दिसत नाही. विलिसने छापलेले ते वाहिन्यांचे कडे शंकराचार्यांच्या डोक्यातही तसेच आणि सेंट्रिंगवाल्याच्या पोरीच्या डोक्यातही तसेच. पण फिल्म कुणाची निघते आणि कुणाची निघत नाही, वेळेवर कुणाची निघते, यात जात चांगली स्पष्ट दिसते. पैसेवाल्याच्या घरी कुणाला भोवळ आली की संध्याकाळपर्यंत एमआरआयचा अहवाल हातात असतो.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला पंतप्रधानांच्या हस्ते सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासणी झालीच पाहिजे, तिला माझा विरोध नाही. मोहिमेचा भर आदिवासी भागावर आहे, तोही असायलाच हवा. पण शहरातल्या बौद्ध वस्त्यांतली लेकरे त्या नकाशात कुठे बसतात? आणि तपासणी झाल्यावर पुढे काय? बोटाला सुई टोचली, कार्ड दिले, आकडा वर पाठवला, फोटो काढला. कार्ड हा उपचार नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचे नाव आहे, म्हणजे मूल अपंग झाल्यावर प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. अपंग होऊ नये म्हणून करायच्या अर्ध्या तासाच्या चाचणीची सोय कुठे आहे? विदर्भातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या अधीक्षकाला आपल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात चार ओळींचा अर्ज टाकावा. आपल्याकडे २ ते १६ वर्षे वयाची 'एसएस' मुले किती नोंदलेली आहेत, गेल्या वर्षी त्यांपैकी किती जणांची कानशिलाची डॉप्लर झाली, यंत्र आहे का, असल्यास ते चालवणारा माणूस कोण. उत्तरे आली की ती याच पानावर छापू.

यंत्र फार मोठे नाही, टेबलावर मावते. अडचण माणसाची आहे. योग्य जागा शोधून योग्य वाहिनीचा वेग पकडायला सराव लागतो. तो तंत्रज्ञांना, परिचारिकांना शिकवता येतो. आपल्या समाजातली शेकडो मुले-मुली नर्सिंग आणि पॅरामेडिकल शिकून बेकार आहेत. त्यांना हे शिकवा, तालुक्याला महिन्यातून एक दिवस ठरवा, वर्षातून एकदा प्रत्येक मूल येऊन जाईल. आणि हायड्रॉक्सियुरियाचा साठा संपला असे खिडकीवरून ऐकू येता कामा नये.

आता थोडे आपल्याबद्दल. चौदा एप्रिलला आपण डीजेवर किती खर्च करतो याचा हिशेब मी मांडत बसत नाही, दरवर्षी कुणीतरी मांडतोच. पण आपल्या मंडळांची आरोग्य शिबिरे बघा. रक्तदाब, साखर, चष्म्याचे नंबर, संपले. वर्गणीतून एक डॉप्लर यंत्र घेणे चार-पाच मंडळांनी मिळून ठरवले तर अशक्य नाही. रक्तदान शिबिरात गोळा झालेले रक्त कोणत्या पेढीत जाते आणि आपल्या सिकलसेलच्या लेकराला त्याच पेढीतून पिशवी मिळते का, एवढा तरी पाठपुरावा करा. शिवाय घरात कार्ड लपवून लग्न जमवणारे आपणच आहोत. बावीस प्रतिज्ञा घेऊन बाबाचा पत्ता खिशात ठेवणारेही आपणच. त्या बापाला मी रागावलो नाही. रुग्णालय त्याला पाच वर्षांत जे सांगू शकले नाही, ते सांगायला बाबा निदान दारात तरी बसलेला असतो.

पोरगी घरी आली आहे. दर महिन्याला रक्त चढते. पाय सुधारला, चालते. उजवा हात अजून मुठीतून पुरता उघडत नाही, म्हणून ती डाव्या हाताने लिहायला शिकते आहे. तिला धाकटा भाऊ आहे, पाच वर्षांचा, त्याचेही कार्ड 'एसएस'चे. त्याच्या कानशिलाच्या चाचणीसाठी आम्ही अर्ज दिला. यंत्र दुसऱ्या विभागात आहे, तिथल्या डॉक्टरांची वेळ घ्यावी लागेल, सोमवारी या, असे सांगितले. बाप तीन सोमवार खाडा करून जाऊन आला. येत्या सोमवारी मीही त्याच्याबरोबर जाणार आहे.